एक दाबा

सोमवारी सकाळी पावणेअकराला श्रीपाद मुखेडकरांनी ऑफिसच्या फोनवर एक आकडा दाबला आणि त्यांचा दिवस तिथंच फसला.

"पुष्टीसाठी एक दाबा," असं पलीकडची रेकॉर्ड केलेली बाई म्हणाली होती. श्रीपादरावांनी एक दाबला. फोनमधून जिभेनं टाळू वाजवावी तसा 'टक्' आवाज आला. बाई जरा थांबली आणि म्हणाली, "आपण कोणताही पर्याय निवडलेला नाही. धन्यवाद." आणि फोन कट.

त्यांनी पुन्हा लावला. पुन्हा दाबला. टक्. धन्यवाद. तिसऱ्यांदा त्यांनी अंगठ्यानं दाबला, चौथ्यांदा पेनाच्या बुडानं. सहाव्यांदा बाईनं "एक" म्हणताक्षणीच दाबला, म्हणजे तिला विचार करायला वेळ नको. बाई काही बधली नाही.

गोष्ट साधी नव्हती. अर्धापूर रस्त्यावरच्या त्या नर्सिंग कॉलेजचे श्रीपादराव हेडक्लार्क. नर्सिंग परिषदेचं पत्र गेल्या बुधवारीच आलं होतं: यंदाच्या साठ जागा कायम ठेवायच्या असतील तर कॉलेजच्या नोंदणीकृत लँडलाईनवरून अमुक क्रमांकाला फोन करून पुष्टी द्यावी. मुदत सोमवार, संध्याकाळी पाच. दुसऱ्या कुठल्या फोनवरून चालणार नाही. पुष्टी आली नाही तर कॉलेजचं नाव प्रवेशाच्या यादीतून गळेल.

गुरुवारी प्राचार्या देविका मॅडमनी जाता जाता विचारलं होतं, "श्रीपादराव, ते पुष्टीचं झालं का?" आणि श्रीपादराव म्हणाले होते, "झालं मॅडम. कालच केलं."

त्यांना खोटं बोलायचं नव्हतं. पण टेबलावर आलेलं काम अर्धं झाल्यातच जमा, हा त्यांचा बावीस वर्षांचा हिशेब. उरलेलं अर्धं शुक्रवारी करायचं होतं. शुक्रवारी भाच्याचा साखरपुडा निघाला, शनिवारी सुट्टी, रविवारी रविवार. आणि आता हा 'टक्'.

"काय करू राहिले, साहेब?" शिपाई व्यंकट दारात उभा होता. पन्नाशीचा गडी, कॉलेजात श्रीपादरावांच्याही आधीपासूनचा. "सकाळधरनं एकच नंबर लावून राहिलात. घरी समदं खैरियत हाय न्हवं?"

श्रीपादरावांनी दार लोटून घेतलं आणि त्याला सगळं सांगितलं. व्यंकटनं फोन हातात घेतला, उलटासुलटा केला, कानाशी हलवून बघितला.

"मॅडमला सांगून टाका की."

"काय सांगू? गुरुवारी झालं ते आज होईना म्हणून?"

व्यंकटला ते पटलं.

श्रीपादरावांनी मोबाईलवरून टेलिफोन दुरुस्तीच्या हेल्पलाईनला फोन लावला. समीक्षा नावाच्या मुलीनं उचलला. आवाज इतका गोड की आपला प्रश्न आधीच सुटलाय असं वाटावं.

"सर, तुमच्या फोनचा आवाज कसा येतो? टूं असा, की टक टक असा?"

"टक."

"म्हणजे सर, तुमचा फोन पल्सवर आहे. त्या यंत्रणेला टोन लागतो. फोनच्या बुडाशी एक छोटं बटण असेल. एका बाजूला पी, एका बाजूला टी. ते टीकडे सरकवा."

बटण होतं. श्रीपादरावांनी ते नखानं सरकवलं. आता आकडे दाबले की छान 'टूं, टूं' वाजू लागलं, पण नंबर मात्र लागेना. मागं आपली डायल टोनची घरघर चालूच. त्यांनी पी वर ठेवून नंबर लावला आणि बाई बोलायला लागल्यावर हळूच टी केलं. तेवढ्यानं फोनच कटला.

"मग सर, तुमच्या एक्सचेंजमध्येच टोनची सोय नसणार," समीक्षा म्हणाली. "एक्सचेंज कोणतं आहे?"

"नांदेड."

"तसं नाही, सर. तुमच्या कॉलेजातलं. जिथून सगळ्या खोल्यांत फोन जातात ती पेटी. तिच्यावर मॉडेल लिहिलेलं असेल, तेवढं सांगा."

श्रीपादरावांनी व्यंकटकडं बघितलं. व्यंकटनं छताकडं बघितलं. अशी पेटी कुठं आहे, हे दोघांनाही सांगता येईना.

"तार कुठं जाते ती बघावी," व्यंकट म्हणाला. "नदीचं उगमस्थान असंच सापडतं."

फोनमागून निघालेली करड्या रंगाची तार भिंतीच्या कडेनं कपाटामागं गेली, खिडकीतून व्हरांड्यात उतरली, आणि स्टाफच्या संडासाच्या झरोक्यातून आत शिरली. व्यंकट आत जाऊन आला. "इथनं पुढं गेली," त्यानं सांगितलं. पुढं म्हणजे प्रात्यक्षिकाच्या खोलीत. तिथं पहिल्या वर्षाच्या मुली प्लास्टिकच्या पेशंटला इंजेक्शन देत होत्या. हेडक्लार्क पेशंटच्या खाटेखाली रांगत शिरलेले बघून त्या सगळ्या उभ्या राहिल्या आणि एका सुरात म्हणाल्या, "गुड मॉर्निंग, सर!"

"बसा, बसा. चालू द्या तुमचं," श्रीपादराव खाटेखालून म्हणाले.

तार खाटेखालून निघाली, भिंतीला पडलेल्या भोकात घुसली, आणि भिंतीपलीकडं होती प्राचार्यांची केबिन.

दाराच्या फटीतून त्यांनी बघितलं. तार मॅडमच्या खुर्चीमागच्या लोखंडी कपाटाच्या मागं जाऊन गडप झाली होती. खुर्चीत मॅडम होत्या. समोर फायलींचा ढीग होता आणि फायलींवर जेवणाचा डबा. म्हणजे जेवायलाही त्या उठणार नव्हत्या. साडेबारा वाजले होते.

श्रीपादराव व्हरांड्यात येरझाऱ्या घालू लागले. पाण्याच्या टाकीपर्यंत जायचे, घड्याळ बघायचे, परत यायचे. साठ जागा गेल्या म्हणजे साठ मुली गेल्या. मुली गेल्या की शिकवणाऱ्या बाया गेल्या, बाया गेल्या की कॉलेज, आणि कॉलेजच्या आधी हेडक्लार्क. एक वाजला. सव्वा वाजला. मॅडमनी डबा उघडला, जेवल्या, डबा मिटला आणि नवी फाईल घेतली.

"काही तरी कर, व्यंकट. दहा मिनिटं बाहेर काढ त्यांना."

"फिकीर नका करू," व्यंकट म्हणाला. तो आत गेला, दोन पावलांवर थबकला, आणि कपाटाच्या दिशेला बघत हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, हलू नका."

"काय झालं?"

"कपाटाच्या मागं काय तरी सळसळलं. म्या खोटं कशाला बोलू, शेपूट बघितलं. हातभर."

हलू नका म्हटलेलं असूनही मॅडम अशा हलल्या, की व्यंकटच्या आधी दाराबाहेर. व्हरांड्यात त्यांनी "साप!" एवढा एकच शब्द उच्चारला. पुढचं काम मुलींनी केलं. दोन मिनिटांत प्रात्यक्षिकाची खोली रिकामी झाली, चार मिनिटांत सगळे वर्ग, आणि पाचव्या मिनिटाला प्लास्टिकच्या पेशंटलासुद्धा कुणीतरी बाहेर आणून झाडाखाली झोपवलं. मॅडमनी सगळ्यांना आवाराच्या टोकाला असलेल्या कॅन्टीनमध्ये बसायचा हुकूम केला आणि सर्पमित्राला फोन लावला. सर्पमित्र मुदखेडच्या बाजूला दुसऱ्या सापामागं गेला होता. दोन-अडीच तासांत येतो म्हणाला.

"म्या दहा मिनिटाचा इंतजाम केला व्हता," व्यंकट पुटपुटला.

"मॅडम, तोवर मी केबिनवर लक्ष ठेवतो," श्रीपादराव म्हणाले.

"एकटे? श्रीपादराव, तुमचा जीव..."

"जबाबदारी आहे, मॅडम."

मॅडमच्या डोळ्यांत आलेला आदर बघून त्यांना मान खाली घालावीशी वाटली. पण वेळ नव्हता.

कपाट हलवायला पाऊण तास गेला. त्यात गेल्या वीस वर्षांच्या उत्तरपत्रिका होत्या. त्या बाहेर काढल्या, कपाट ओढलं, आणि मागच्या भिंतीवर अखेर ती पेटी दिसली. पण तिच्यावर अक्षर दिसेना. पेटीचं तोंड हळदीकुंकवाच्या जाड थराखाली गेलं होतं.

"खंडेनवमीची पूजा," व्यंकटला एकदम आठवलं. "कपाट इथं यायच्या आधी दरसाली म्याच करायचो. मला वाटलं विजेचा डब्बा हाय."

श्रीपादरावांनी कपाटाच्या किल्लीनं थर खरवडायला घेतला. वरचा थर निघाला, खाली दुसरा. जमीन खणताना लागावेत तसे दसऱ्यामागून दसरे निघत होते. तीन वाजता कुठं तळाशी एक अक्षर आणि तीन आकडे दिसले. त्यांनी लगेच समीक्षाला फोन लावला.

"एन. का एम असेल. मग तीन, शून्य, आणि आठ. किंवा तीन."

"एक मिनिट हं, सर. हे मॉडेल नव्या यादीत नाही. जुन्या यादीत बघते. लाईनवर राहा." मग बासरी वाजू लागली. बासरी अठरा मिनिटं वाजली. श्रीपादरावांनी त्या अठरा मिनिटांत केबिनला इतक्या फेऱ्या मारल्या की व्यंकट म्हणाला, "बसा की. साप असता तर खामखा घाबरून गेला असता."

"सापडलं, सर!" समीक्षा परत आली. "या पेटीला टोनचं कार्ड वेगळं असतं. झाकण उघडा. डावीकडून तिसऱ्या खोबणीत हिरवी पट्टी आहे का?"

तिसऱ्या खोबणीत पालीच्या अंड्यांची दोन टरफलं होती. पट्टी नव्हती.

"मग सर, कुणीतरी काढलेलं आहे. हे कार्ड आता बाजारात येत नाही. ज्यांनी पेटी बसवली त्यांनाच विचारा. आणखी काही मदत हवी आहे का, सर?"

झाकणाच्या आतल्या अंगाला पेन्सिलीनं लिहिलेलं होतं: नागप्पा, उदगीर. खाली मोबाईल नंबर. चार वाजायला दहा मिनिटं होती.

नागप्पा आता उदगीरला मिक्सर दुरुस्त करत होता आणि त्याला बिलकुल घाई नव्हती. "नमस्कार री, श्रीपाद साहेब! ओळखलं की. किती साल झाले! वहिनी काय म्हणतात?"

"नागप्पा, टोनचं कार्ड कुठं आहे?"

"कार्ड माझ्याकडं. डब्ब्यात, जपून ठेवलंय. तुमीच काढायला सांगितलं व्हतं की."

"मी?"

"तुमीच. स्टाफवाले लोक टीव्हीवरच्या सवालाचे जवाब द्यायला फोन लावून बसतात, एक दाबा दोन दाबा करतात, म्हणून टोनच बंद करून टाका म्हणालात. सहीचा कागद हाय माझ्याकडं. आणू का?"

श्रीपादरावांनी भिंतीला हात टेकला. त्यांना अंधूक आठवलं, आणि त्यांनी ते लगेच विसरायचा प्रयत्न केला.

"उदगीरहून येईपर्यंत पाच वाजून जातील, नागप्पा. माझ्याकडं एक तास आहे. काही तरी रस्ता सांग."

"मग डब्ब्याच्या नादी कशाला लागता? कॅन्टीनचा फोन वापरा. तो डब्ब्यातून न्हाई जात. बाहेरची लाईन येते ना, तिथूनच मी त्याला सरळ जोडलंय. नंबर कॉलेजचाच, पण टोन खणखणीत. गौराम्मानं मला तेव्हा आठ दिवस फुकट दोसे खाऊ घातले, म्हणून करून दिलं. कुणाला सांगू नका."

कॅन्टीनचा फोन! श्रीपादरावांच्या सामानाच्या जडसंग्रह नोंदवहीत त्या फोनसमोर बारा वर्षं 'नादुरुस्त' असा शेरा होता. शेरा त्यांनीच मारलेला, फोन न उचलता.

ते धावत सुटले. दारात काठी आणि पोतं घेऊन आलेला सर्पमित्र त्यांना आडवा आला, त्याला बाजूला सारून ते व्हरांड्यातून, पायऱ्यांवरून, मैदानातून पळत गेले. आणि कॅन्टीनमध्ये बसलेल्या दोनशे मुलींनी काय पाहिलं? सापावर पहारा द्यायला थांबलेले हेडक्लार्क घामाघूम होऊन, हात वर करून, ओरडत येताहेत.

"सरांना चावला!"

"नाही, नाही. फोन! फोन कुठाय?"

"ॲम्ब्युलन्स बोलवायला सांगून राहिलेत!"

इतर कुठल्या कॉलेजात लोक नुसते ओरडले असते. हे नर्सिंगचं कॉलेज होतं. तिसऱ्या वर्षाच्या चौघीजणींनी श्रीपादरावांना धरलं आणि बाकावर आडवं केलं. एकीनं बूट काढले, दुसरीनं नाडी धरली. हळदीकुंकवानं माखलेला उजवा हात बघून तिसरी ओरडली, "इथं चावलाय! रक्त बघा!" लगेच कॅन्टीनमधल्या फूटपट्टीएवढ्या दोन फळ्या आल्या, ओढण्या आल्या, आणि बघता बघता त्यांचा हात खांद्यापासून बोटांपर्यंत बांधला गेला.

"आवळू नका, फक्त हलू देऊ नका," मॅडम स्टुलावर उभ्या राहून सूचना देत होत्या. साप मागोमाग आला असेल म्हणून त्या स्टुलावर होत्या. "शाबास! परीक्षेत असंच करायचं."

"अगं, ते कुंकू आहे!" श्रीपादराव म्हणत होते.

"बडबडायला लागलेत," एक मुलगी गंभीरपणे म्हणाली आणि तिनं ते वहीत वेळेसकट लिहून घेतलं. चार वाजून एकवीस.

शेवटी व्यंकट पोचला. साहेबांना साप चावलेला नाही, हे त्यानं आईची शपथ घेऊन सांगितलं. तरी निरीक्षणासाठी हात बांधलेलाच राहू द्यायचं ठरलं. तसल्या अवस्थेत श्रीपादराव उठले, काउंटरपाशी गेले आणि बिस्किटांच्या बरण्यांमागून डाव्या हातानं फोन ओढून काढला.

"कुणाला लावता, सार?" कॅन्टीनवाली गौराम्मा म्हणाली. ती देगलूरकडची, बोलण्यात थोडी तेलुगू, थोडी कन्नड आणि उरलेली नांदेडची. "त्या फोनात अर्थ न्हाई आज. सकाळधरनं कधी बी उचला, एक बाई आत बसून 'दाबा, दाबा' करून राहिली."

श्रीपादरावांनी रिसीव्हर खांद्यात धरला आणि डाव्या हाताच्या बोटानं नंबर लावला. टूं टूं टूं. किती गोड आवाज! बाई आली. "पुष्टीसाठी एक दाबा." त्यांनी दाबला.

टूं.

बाई धन्यवाद म्हणाली नाही. पुढं बोलू लागली! श्रीपादरावांचे डोळे भरून आले. पण त्याच क्षणी साप कॅन्टीनच्या पत्र्यावर आहे अशी आवई उठली, दोनशे मुली किंचाळल्या, आणि बाईच्या लांबलचक वाक्यातले शेवटचे दोनच शब्द त्यांच्या कानी पडले: "...एक दाबा." दिवसभर त्या दोन शब्दांसाठी तरसलेल्या बोटानं पुन्हा एक दाबला.

"धन्यवाद," बाई म्हणाली. आता सगळं शांत झालं होतं, आणि तिचा शब्दन् शब्द ऐकू येत होता. "आपल्या महाविद्यालयाची रविवारी नोंदवलेली पुष्टी आपल्या विनंतीनुसार रद्द करण्यात आली आहे."

श्रीपादरावांना वाटलं, यापेक्षा साप चावला असता तर बरं.

"पुन्हा पुष्टी देण्यासाठी," बाई म्हणाली, "प्राचार्यांच्या मोबाईलवर पाठवलेला सहा अंकी क्रमांक दाबा." रद्द करायला एक बोट पुरत होतं. पुन्हा जोडायला मात्र प्राचार्य लागत होते.

त्यांच्या पाठीमागं स्टुलावर मॅडमचा मोबाईल किणकिणला.

"हा कसला नंबर आलाय?" मॅडम चष्मा सावरत म्हणाल्या.

श्रीपादराव वळले. एक हात फळ्यांत, एक हात फोनवर, पायात बूट नाही.

"मॅडम," ते म्हणाले, "तो नंबर मला सांगा. आणि... गुरुवारी मी झालं म्हणालो होतो, ते झालेलं नव्हतं. टोन नव्हता. टोन पण मीच काढला होता. आज केलं तर ते आधीच झालेलं होतं, आणि आत्ता मी ते रद्द केलं."

मॅडमनी त्यांच्याकडं बघितलं, घड्याळाकडं बघितलं. चार सत्तेचाळीस. त्या स्टुलावरून उतरल्या नाहीत, पण वाकून वाचू लागल्या.

"नऊ."

टूं.

"चार. शून्य. सात. परत सात. दोन. सावकाश, श्रीपादराव, डावा हात आहे."

"आपली पुष्टी नोंदवली गेली आहे," बाई म्हणाली. श्रीपादरावांनी रिसीव्हर खाली ठेवला नाही, नुसता टांगून दिला. आता कुठलंही बटण त्यांना नको होतं. ते तसेच बाकावर बसले. एका मुलीनं त्यांची नाडी पुन्हा मोजली आणि मान हलवली.

"पण थांबा," मॅडम म्हणाल्या. "रविवारी कुणी केली होती? कॉलेज बंद होतं. मी लातूरला होते. श्रीपादराव तर... जाऊ दे. कुणी केली?"

काउंटरमागं गौराम्मा कप विसळत होती. ती न बघताच म्हणाली, "म्या केली."

"तू?"

"काल होस्टेलच्या पोरींना उप्पीट करून राहिलेली. फोन वाजला. बाई म्हणाली परिषदेची आठवण हाय, पुष्टीला एक दाबा. म्हटलं, बाई मोठ्या गळ्यानं सांगून राहिली, दाबावं. दाबलं. गेली बिचारी." तिनं कप पालथा घातला. "एवढ्यासाठी सकाळधरनं धावून राहिलात सार? मला इचारायचं."

श्रीपादरावांनी डोळे मिटले. मॅडम आता स्टुलावरून खाली उतरल्या. पदर नीट केला, चष्मा पुसला, आणि फार शांतपणे त्यांनी विचारलं, "बरं. आणि साप?"

श्रीपादरावांनी व्यंकटकडं बघितलं. व्यंकटनं पत्र्याकडं बघितलं. तिकडून काठी आणि रिकामं पोतं घेऊन सर्पमित्र चालत येताना दिसत होता.

"सापाचं मला इचारू नका," गौराम्मा म्हणाली. "ते म्या केलेलं न्हाई."